जीर्ण त्वचेवरील पट्टी

सदर : वैयावृत्त्य

तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपांची गणना करताना प्रायश्चित्त आणि विनय यांच्यापाठोपाठ वैयावृत्त्याचे नाव येते. ज्यांची सेवा करावी अशा दहा जणांचा निर्देशही तेथेच केलेला आहे. आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्या पंक्तीत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने क्लांत झालेला साधू, यालाही स्थान मिळालेले आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्य हे श्रावकाच्या शिक्षाव्रतांपैकी एक मानले. निर्विचिकित्सा अंगाचा आदर्श म्हणून सांगितली जाणारी उद्दायन राजाची कथाही याच भावनेची आहे. व्याधिग्रस्त मुनींच्या देहाची किळस न मानता राजाने स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. शास्त्रातील ही सेवा मूळची मुनिसंघाची; परंतु तिचा अभ्यास श्रावकाला आपल्या घरातच करता येतो. घरातील वृद्ध आजारी पडतात तेव्हा तो प्रसंग येतो आणि बहुधा तो अत्यंत लहान गोष्टीच्या रूपाने येतो. मनगटाजवळ चिकटवलेली सलाईनची पट्टी ही अशीच एक लहान गोष्ट होय.

ऐंशी वर्षांच्या आजींच्या हातावरील पट्टी ओढून काढली गेली आणि तिच्याबरोबर त्वचेचा पापुद्राही निघाला, असे प्रसंग रुग्णालयात आणि घरात वारंवार घडतात. ज्या न्यूमोनियासाठी वा मूत्रसंसर्गासाठी आजी दाखल झाल्या तो आजार आठवड्यात बरा होतो आणि हातावरची जखम मात्र महिनाभर ओली राहते. ही वेदना कोणाच्या बिलात मांडली जात नाही. म्हातारपणी असे व्हायचेच, अशी समजूत घालून घरची माणसे ती सोडून देतात. वस्तुतः अशा बहुतेक जखमा टाळता येण्यासारख्या असतात. त्या टाळण्याची विद्या अवघड नाही. तिला सावधपणा लागतो.

वार्धक्यातील त्वचा नेमकी का फाटते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्वचेचा बाहेरचा थर आणि त्याखालचा जाड थर हे तरुणपणी एकमेकांत लाटांसारख्या उंचवट्यांनी गुंतलेले असतात. दोन पंजांची बोटे एकमेकांत अडकवावीत तशी ती पकड असते. वय वाढते तसे हे उंचवटे सपाट होत जातात आणि पकड ढिली पडते. बाहेरचा थर विरतो, खालच्या थरातील तंतू कमी होतात, त्वचेखालची चरबी झडते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. त्यामुळे साध्या धक्क्यानेही हातावर जांभळे डाग उमटतात. दम्यासाठी वा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे, जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे, खाणे तुटलेले आणि अंगावर सूज असलेले रुग्ण यांच्या त्वचेची अवस्था वयाच्या मानानेही अधिक नाजूक असते. अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकाच्या बाबतीत ही पकड अजून पुरती घडलेलीच नसते. म्हणजे आयुष्याच्या दोन्ही टोकांना त्वचेची स्थिती सारखीच परावलंबी असते.

सलाईनसाठी शिरेत जी बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात तिला रुग्णालयात कॅन्युला किंवा इंट्राकॅथ म्हणतात. शिरेवाटे क्षारजल देण्याची कल्पना जुनी आहे. १८३२ साली पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील थॉमस लाट्टा या डॉक्टरांनी ती प्रथम यशस्वीपणे अमलात आणली. मात्र शिरेत धातूची ताठ सुई ठेवावी लागत असल्याने हात हलवण्याची सोय नव्हती. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डेव्हिड मासा यांनी सुईवर चढवलेली प्लास्टिकची नळी तयार केली. सुई काढून घ्यायची आणि मऊ नळी शिरेत ठेवायची, ही आजची पद्धत तेथून पुढे रूढ झाली. नळी मऊ झाली, तरी तिला जागेवर धरून ठेवण्याचा प्रश्न तसाच राहिला. ती हलली की शिरेची आतली बाजू घासली जाते, दाह होतो, औषध शिरेबाहेर झिरपते किंवा नळीच निसटते.

या प्रश्नाचे स्वरूप किती हट्टी आहे हे ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे १,७०० रुग्णांवर नळी धरून ठेवण्याच्या चार पद्धती तपासल्या गेल्या. साधी पारदर्शक पट्टी, कडेला कापडी किनार असलेली पट्टी, वेगळा पकड-साचा आणि त्वचेला चालणारा वैद्यकीय गोंद अशा त्या चार पद्धती होत्या. चारही गटांत दहापैकी साधारण चार नळ्या उपचार पूर्ण होण्याआधीच निकामी झाल्या आणि कोणतीही एक पद्धत निर्विवाद सरस ठरली नाही. यातून घेण्याजोगा बोध असा की, केवळ महागडी पट्टी आणून प्रश्न सुटत नाही. जागेची निवड, त्वचेची तयारी, पट्टी लावण्याची रीत आणि रोजची नजर यांचे महत्त्व पट्टीच्या किमतीइतकेच, किंबहुना अधिक आहे.

जतसारख्या ठिकाणी या सर्व गोष्टींना आणखी एक पदर आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका अवर्षणप्रवण आहे. मोठ्या उपचारांसाठी येथील कुटुंबांना कवठे महांकाळमार्गे मिरज-सांगलीची वाट धरावी लागते. तेथे चार दिवस राहून रुग्ण घरी परततो तेव्हा उरलेली इंजेक्शने गावातील डॉक्टरांकडून घ्यायची असतात, म्हणून पुष्कळदा नळी हातात तशीच ठेवून पाठवणी होते. सुमारे दोन तासांचा प्रवास, गाडीतील हिसके, चैत्र-वैशाखाचे ऊन, घामाने सुटणारी पट्टी आणि तिच्या कडेला बसणारी धूळ या सर्वांना ती नळी तोंड देत असते. घरी आल्यावर दुकानाची घाई असते. नळी निसटली तर नवी शीर सापडणे कठीण आणि तेवढ्यासाठी पुन्हा मिरज गाठणे त्याहून कठीण. येथे पट्टी सुटणे म्हणजे औषधाची एक मात्रा चुकणे होय. काही आजारांत ती चुकलेली मात्रा प्राणाशी खेळ ठरते.

भीती दोन्ही बाजूंची असते. पट्टी सैल राहिली तर नळी जाते आणि पट्टी घट्ट चिकटवली तर त्वचा जाते. नळी निसटू नये या चिंतेने एकावर एक पट्ट्या चढवून हाताला वेढे घालण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, ती जीर्ण त्वचेला सर्वांत अपायकारक आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१३ साली चिकटपट्टीमुळे होणाऱ्या इजांची व्याख्या निश्चित केली. पट्टी काढल्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ लाली, फोड, साल निघणे किंवा फाटणे टिकले तर ती इजा समजावी, असे त्यांनी सांगितले. या इजेचे प्रकार घरच्यांनाही ओळखता येतात. पट्टी उचलताना वरचा थर सोलून निघतो, हा पहिला प्रकार. पट्टी ताणून लावली आणि नंतर हाताला सूज आली की कडेला पाण्याचे फोड येतात, हा दुसरा. पट्टीखाली घाम साचून त्वचा पांढरी आणि ओलसर होते, हा तिसरा. पट्टीच्या गोंदाची खाज सुटून पट्टीच्या आकाराचाच लाल चौकोन उमटतो, हा चौथा. आणि त्वचेचा पदर उघडा पडून लोंबतो, ही सर्वांत वाईट अवस्था.

नळी घालण्यापूर्वीच निम्मे काम होऊ शकते. हाताच्या मागील बाजूची त्वचा वृद्धांमध्ये सर्वांत पातळ असते आणि मनगट व कोपर सतत वाकतात. म्हणून शक्य असेल तेथे कोपर आणि मनगट यांच्यामधली सपाट जागा बरी. मूत्रपिंडाच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. पुढे डायलिसिसची गरज पडू शकते म्हणून त्यांच्या या भागातील शिरा राखून ठेवतात, आणि डायलिसिससाठी शिरांची जोडणी केलेल्या हाताला तर सुई लावूच नये. अशी माहिती नातेवाइकांनी आधीच सांगावी. नळीची जाडी तिच्या टोपणाच्या रंगावरून कळते. गुलाबी वीस क्रमांकाची, निळी बावीसची आणि पिवळी चोवीसची. क्रमांक वाढतो तशी नळी बारीक होते. बारीक शिरांसाठी आणि साध्या औषधांसाठी निळी किंवा पिवळी सहसा पुरते. शीर फुगवण्यासाठी बांधायचा पट्टा उघड्या त्वचेवर न बांधता बाहीवरून हलका बांधावा आणि शीर उठावी म्हणून थपडा मारू नयेत.

त्यानंतर येते त्वचेची तयारी. जंतुनाशक लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे लागते. ओलाव्यावर पट्टी दाबली तर ती धड चिकटत नाही आणि खाली अडकलेले रसायन त्वचा पोळते. केस असतील तर ते कात्रीने आखूड करावेत, वस्तऱ्याने काढू नयेत. पट्टी जेथे बसणार त्या भागावर बॅरियर फिल्म नावाचा अल्कोहोलविरहित द्रव लावतात. तो वाळला की त्वचेवर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो. पुढे पट्टी काढताना ओढ त्या पापुद्र्यावर बसते आणि त्वचा वाचते. काही ठिकाणी हा द्रव मागितल्याशिवाय वापरला जात नाही. मागण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

नळीच्या तोंडावर पारदर्शक पट्टी असावी, म्हणजे पट्टी न उचलता आतील जागा दिसत राहते. ती मधोमध टेकवून बाहेरच्या दिशेने बोटाने अलगद बसवावी; ताणून लावू नये. जादा आधारासाठी सिलिकोनची मऊ टेप मिळते. सामान्य पट्टीचा गोंद वेळ जाईल तसा आणि शरीराच्या उष्णतेने अधिक घट्ट होत जातो. सिलिकोनची पकड तितकी वाढत नाही आणि उचलताना ती त्वचेचा थर सहसा बरोबर नेत नाही. ती महाग असते हे खरे. परंतु ती सर्व हातभर लागत नाही, दोन बोटे रुंदीचे एक-दोन तुकडे पुरतात. सलाईनच्या नळीचा एक सैल वेढा घेऊन तो हातावर टेकवला की ओढ प्रथम वेढ्यावर बसते आणि शिरेतील टोक हलत नाही. त्वचा अगदीच कागदासारखी झाली असेल तर पारदर्शक पट्टीव्यतिरिक्त काहीच चिकटवू नये. हातावर मऊ गॉझची सैल गुंडाळी किंवा जाळीदार बाही चढवावी आणि टेप त्या कापडावर लावावी. टेप कापडाला चिकटते, त्वचेला नाही. एवढा साधा फरक पुष्कळ जखमा वाचवतो. मात्र नळीच्या तोंडाची जागा पाहता आली पाहिजे आणि बोटे थंड वा निळी पडतील इतकी गुंडाळी आवळता कामा नये. पट्टीवर तारीख लिहून ठेवणे हेही विसरू नये.

पट्टी केव्हा बदलावी याविषयी घरोघरी गैरसमज आहेत. स्वच्छतेच्या उत्साहाने ती रोज बदलणे हिताचे नाही. प्रत्येक वेळी त्वचेचा एक थर खर्ची पडतो. पारदर्शक पट्टी कोरडी आणि चारी कडांनी चिकटलेली असेल तर ती काही दिवस तशीच राहू शकते. ती भिजली, कड सुटली, आत रक्त वा घाम साचला तर मात्र त्याच दिवशी बदलली पाहिजे. खाली गॉझ ठेवलेला असेल तर आतील जागा दिसत नाही, म्हणून ती पट्टी सर्वसाधारणपणे दोन दिवसांनी बदलतात. नळी स्वतः किती दिवस ठेवायची हा निर्णय डॉक्टरांचा असतो. पूर्वी तीन-चार दिवसांनी ती काढून नवी घालण्याचा नियमच होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीनंतर, तक्रार नसेल तर नियमाखातर नळी बदलण्याची आवश्यकता नाही, हे मत बळावले. याचा लाभ वृद्धांना विशेष होतो, कारण त्यांच्या हातांवर चांगल्या शिरा मोजक्याच उरलेल्या असतात.

पट्टी काढण्याची क्रिया लावण्याहून अधिक जबाबदारीची आहे. व्यापारी घरांत जुन्या वह्या जपलेल्या असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावर चिकटवलेले तिकीट सरळ वर ओढले तर कागदाचा पदर त्याच्याबरोबर येतो, हे दुकानातील प्रत्येकाला ठाऊक असते. तेथे कोणी घाई करीत नाही. कड ओलसर करून, कागद बोटाने दाबून धरून तिकीट हळूहळू सोडवले जाते. वृद्ध त्वचेला हाच न्याय लावावा. पट्टीची कड सोडवून ती त्वचेला समांतर, मागे दुमडत, केसांच्या वाढीच्या दिशेने न्यावी. सरळ वर उचलू नये. दुसऱ्या हाताचे बोट, जेथे पट्टी सुटते आहे तेथे त्वचेला आधार देत पुढे सरकवावे. पारदर्शक पट्टी असेल तर तिची एक कड धरून ती त्वचेलगत आडवी ताणावी, म्हणजे गोंद आपोआप सुटतो. गोंद सोडवणारा सिलिकोनयुक्त द्रव मिळतो. तो नसेल आणि त्या जागी पुन्हा पट्टी लावायची नसेल तर थोडे खोबरेल तेल कडेने जिरवून पाच मिनिटे थांबावे. शिरेत नळी असताना तिच्या तोंडाशी तेल जाऊ देऊ नये. नळी काढल्यानंतर त्या जागी कोरडा गॉझ ठेवून काही मिनिटे स्थिर दाब द्यावा आणि चोळू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर अधिक वेळ थांबावे.

पाच समितींत आदाननिक्षेपण समितीचा उल्लेख येतो. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवाला बाधा होऊ नये, म्हणून पाहून, जपून ती क्रिया करावी, असा तिचा आशय आहे. मुनींच्या आचारातील हा नियम आजाऱ्याच्या हातावरील पट्टीलाही तंतोतंत लागू पडतो. ज्या घरात पाणी गाळून घेताना गाळण्यातील सूक्ष्म जीवांचीही चिंता वाहिली जाते, त्या घरात आजीच्या हातावरील पट्टी एका झटक्यात निघणे शोभत नाही.

तरीही त्वचा फाटलीच तर काय करावे, हे माहीत असावे. प्रथम स्वच्छ कापडाने हलका दाब देऊन रक्त थांबवावे. सलाईनच्या पाण्याने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवावी. लोंबणारा पदर कापून टाकू नये. ओल्या गॉझने वा ओल्या बोळ्याने तो अलगद मूळ जागी सरकवावा. तो जिवंत असेल तर पुन्हा धरतो आणि तीच सर्वांत उत्तम पट्टी ठरते. वर न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवून मऊ कापड गुंडाळावे आणि पुढच्या वेळी ती कोणत्या दिशेने काढायची याचा बाण त्यावर काढावा, म्हणजे पदर पुन्हा उलटा फिरत नाही. हळद, कॉफी, पावडर, तंबाखू, तीव्र जंतुनाशक यांपैकी काहीही त्यावर टाकू नये. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

घरी नळी असताना सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे पाहण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीने स्वीकारावी. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते. नळीच्या वाटेवर लाली, सूज, उष्णता, कडक दोरीसारखी शीर, पू, औषध देताना आग होणे, ताप येणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या मात्रेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. त्या हातावर रक्तदाब मोजू नये. पाटल्या, बांगड्या आणि अंगठी सूज येण्यापूर्वीच उतरवून ठेवावीत. बांगडीची कड पट्टीवर घासत राहते आणि ती उचकटते. स्मृतिभ्रंश असलेले आजोबा नळी उपटतात म्हणून त्यांचे हात बांधण्याची वेळ येऊ देऊ नये. सैल, लांब बाहीचा सदरा घालून नळी दृष्टीआड केली आणि हातात जपमाळ दिली तर पुष्कळदा ते शांत राहतात.

स्नानाचा प्रश्न जैन घरांत हमखास उभा राहतो. स्नान केल्याशिवाय पूजेला बसायचे नाही, हा आजींचा आयुष्यभराचा नेम असतो आणि तो मोडल्याचे दुःख त्यांना आजारापेक्षा अधिक जाणवते. अशा वेळी हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड कापडी पट्टीने सैल बांधून, हात वर धरून अंग पुसून घेता येते. पिशवी त्वचेवर चिकटवू नये. अभिषेकाची धार हातावर घेण्याऐवजी चार दिवस भावपूजा आणि णमोकार मंत्राचा जप करावा, असे घरातील मोठ्या माणसाने किंवा त्यागी व्यक्तीने प्रेमाने सांगितले तर त्या ऐकतात. सुनेने तेच सांगितले तर वाद होतो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

उपवासाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पाणी कमी पडले की शिरा दबतात आणि त्वचा सुरकुततात. पर्वकाळात उपवास वा एकाशन करणाऱ्या वृद्धांनी दाखल होताना तसे डॉक्टरांना सांगावे. रात्री पाणी न घेण्याचा नियम असेल तर तोही सांगावा, म्हणजे दिवसा घ्यायच्या पाण्याचे आणि औषधांचे वेळापत्रक त्यानुसार बसवता येते. आजारपणात कोणते नियम शिथिल करावेत हे ठरवताना व्रतीची इच्छा, गुरूंचा सल्ला आणि डॉक्टरांचे मत या तिन्हींचा मान राखावा.

आणखी एक बाब अनेक घरांत उशिरा कळते. जखमेवर लावायच्या काही पट्ट्यांत प्राणिज द्रव्य असते. हायड्रोकोलॉइड प्रकारच्या पुष्कळ पट्ट्यांत जिलेटिन असते, कोलॅजनच्या पट्ट्या प्राण्यांच्या ऊतींपासून बनवतात आणि काही पट्ट्यांत मध असतो. शिरेतील नळी साफ ठेवण्यासाठी कधी वापरले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. हातातील साध्या नळीसाठी मात्र सलाईनचे पाणी सहसा पुरते. पारदर्शक पट्टी पॉलियुरेथेनची आणि मऊ टेप सिलिकोनची असते, आणि ही दोन्ही द्रव्ये कृत्रिम आहेत. ज्यांना या गोष्टीची काळजी आहे त्यांनी दाखल होतानाच विचारावे. बहुतेक वेळा पर्याय निघतो. प्राणसंकटाच्या क्षणी मात्र हा वाद काढून उपचार थांबवू नयेत.

त्वचा मुळातच बळकट राखण्याचा एक स्वस्त उपाय आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांच्या अभ्यासात, दिवसातून दोन वेळा हातापायांना साधे ओलावा राखणारे मलम लावलेल्या वृद्धांमध्ये त्वचा फाटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. जतच्या कोरड्या हवेत हा नेम वर्षभर पाळण्यासारखा आहे. सुगंधविरहित मलम घ्यावे, ते चोळू नये, केसांच्या दिशेने हलके लावावे आणि नळी घालायच्या दिवशी त्या जागी लावू नये. नातवंडांना हे काम द्यावे. आजीच्या हाताचा स्पर्श त्यांना त्यानिमित्ताने होतो आणि तो हात किती पातळ झाला आहे हे त्यांना न सांगता कळते.

परिचारिकेशी बोलावे कसे, हा अखेरचा मुद्दा. एका पाळीत अनेक रुग्ण सांभाळणाऱ्या त्या मुलींकडे वेळ कमी असतो. त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही. ‘ताई, आईची त्वचा फार नाजूक आहे, मागच्या वेळी पट्टीबरोबर निघाली होती, जरा ओली करून काढूया का?’ एवढे वाक्य पुरते. दाखल होतानाच हे केसपेपरवर लिहून घ्यावे, म्हणजे पाळी बदलली तरी सूचना टिकते. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. तेव्हापासून या भागातील पिढ्यान्‌पिढ्या तेथील परिचारिकांच्या हातांवर विसंबून राहिल्या आहेत, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तो आधार अधिक विस्तृत केला. त्या सेवेची परतफेड पैशाने पुरी होत नाही. घरच्यांनी आपला वाटा जाणून उचलणे हाच तिचा खरा सन्मान होय.

जतमधील महिला मंडळाने किंवा मंदिर समितीने एखाद्या रविवारी दुपारी निवृत्त परिचारिकेला बोलावून पट्टी लावण्याचे आणि काढण्याचे प्रात्यक्षिक ठेवले, तर दोन तासांत पन्नास घरे शिकतील. एका पेटीत सिलिकोनची टेप, बॅरियर फिल्म, न चिकटणारी जाळीची पट्टी, मऊ गॉझची गुंडाळी आणि सलाईनच्या पाण्याची बाटली एवढे साहित्य मंदिराच्या कार्यालयात ठेवता येईल. ज्याला लागेल त्याने न्यावे, वापरलेले भरून द्यावे आणि मुदत संपलेले बदलावे. वहीत नोंद ठेवण्याची सवय या समाजाला शिकवावी लागत नाही. अन्नदानाची आणि औषधदानाची परंपरा येथे आहेच. त्या औषधदानात या पेटीची भर पडली, तर रात्री पट्टी सुटलेल्या घराला सकाळपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.